व्हिएन्ना फार लांब पडतं

मगदूमसाहेबांनी खिशातून दोरा काढला, तेव्हा आमची बस ल्युसर्नच्या तळ्याकाठून चालली होती. बाहेर निळं पाणी, पाण्यात उलटे डोंगर, डोंगरांवर धुवून पुसून ठेवल्यासारख्या गायी. पण बसमधली निम्मी डोकी खिडकीकडून वळून त्या दोऱ्याकडे बघायला लागली.

दोरा साधाच, गोधडी शिवायचा. त्याला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या. साहेबांनी मांडीवर युरोपचा नकाशा पसरला, दोऱ्याचं एक टोक झुरिकवर अंगठ्याने दाबून धरलं आणि दुसरं उजवीकडे ताणत नेलं.

"सहाशे किलोमीटर," ते म्हणाले. "विमानाने एक तास वीस मिनिटं. व्हिएन्ना."

पलीकडच्या सीटवर शालिनीबाई टेंगशे पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पण मध्ये आल्प्स आहेत ना?"

"विमान वरून जातं, बाई."

त्या पर्सची चेन उघडत आणि लावत राहिल्या.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मिरजेच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने तेव्हा युरोपची सहल काढली होती. मगदूमसाहेब संघाचे सचिव. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यानंतर मोजायला काही न उरल्यामुळे जगातली अंतरं मोजत बसलेले. पॅरिसच्या त्या टॉवरवर चढल्यावर सगळे खाली बघत होते, तेव्हा हे मिरज कुठल्या बाजूला येतं ते दोघातिघांना दाखवत होते. स्वभावाने फार चांगला माणूस. कुणाचं काही अडलेलं दिसलं की सोडवल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. ज्याचं अडलं असेल त्याला विचारायची पद्धत मात्र खात्यातही नव्हती.

शालिनीबाई सहलीला आल्या त्या सोडतीत. एवढा मोठा गट असला की टूर कंपनी एक जागा फुकट देते. ती कुणाला द्यायची ह्यावर संघात भांडणं नकोत म्हणून चिठ्ठ्या टाकल्या आणि बाईंची चिठ्ठी निघाली. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली, ब्राह्मणपुरीत दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. सगळ्यांना फार आनंद झाला, कारण त्यांचा मुलगा उपेंद्र युरोपात, व्हिएन्नात, मोठ्या हुद्द्यावर. आमच्या मिरजेला व्हिएन्ना नावाचं गाव माहीत झालं तेच उपेंद्रमुळे. दिवाळी आली की कुणीतरी विचारायचंच, उपेंद्र येणार का यंदा? आणि बाई म्हणायच्या, "यायचंय हो त्याला. पण व्हिएन्ना फार लांब पडतं." लोक माना डोलवायचे. लांब तर होतंच. गणपतीला, अधिक महिन्याला, बाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला, प्रत्येक वेळी ते तेवढंच लांब होतं.

सहलीचा कार्यक्रम हातात आला तेव्हा त्यात व्हिएन्ना नव्हतं. बायका हळहळल्या. शालिनीबाईंनी मात्र तो कागद दोनदा वाचला आणि घडी घालून म्हणाल्या, असू दे, बरंच आहे. माझी बायको कालिंदी त्या दिवशी घरी येऊन म्हणाली, "बाई किती समजूतदार आहेत बघा." मीही हो म्हणालो.

तर त्या दिवशी बसमध्ये दोरा निघाला आणि व्हिएन्ना एकदम जवळ आलं. मगदूमसाहेबांनी टूर मॅनेजरकडून माईक घेतला. संघाची शिस्त अशी की दोनपेक्षा जास्त माणसांचं काम असेल तर ते ठरावानेच व्हायचं. साहेबांनी ठराव मांडला: उद्या झुरिकमध्ये मोकळा दिवस आहे, लोक चॉकलेटं आणि घड्याळं घेणार, तर संघाच्या निधीतून शालिनीबाईंना सकाळच्या विमानाने व्हिएन्नाला पाठवावं, मुलाला-नातवाला भेटून त्यांनी संध्याकाळी परत यावं. आरवाडेकाकूंनी अनुमोदन दिलं. आरवाडेकाकू म्हणजे आमच्या महिला शाखेच्या प्रमुख, आणि शाखेबाहेरच्या सगळ्या बातम्यांच्याही. टाळ्या झाल्या.

मी मिरजेच्या कोर्टात अख्खं आयुष्य वकिली केली. हरणारा पक्षकार कसा बोलतो ते मला लांबून ओळखू येतं. तो खरी हरकत सोडून बाकीच्या सगळ्या हरकती घेतो. शालिनीबाई म्हणाल्या, त्याला ऑफिस असेल. उद्या शनिवार आहे, असं चारजणांनी सांगितलं. म्हणाल्या, गुडघे दुखतात. साहेब म्हणाले, विमानात चालायचं कुठंय. म्हणाल्या, मला इंग्रजी येत नाही, मी हरवेन. तेव्हा माझ्या शेजारून कालिंदीचा आवाज आला, "हे येतील की तुमच्याबरोबर. नाहीतरी ह्यांना खरेदीत काही रस नाही." हेही टाळ्या वाजवूनच मंजूर झालं.

"मग त्याला फोन लावू या," साहेब म्हणाले. "नंबर द्या."

इथे बाई पहिल्यांदा सावध झाल्या. म्हणाल्या, "नको. फोन नको. मी अशीच जाते. एकदम दारात उभी राहते."

बस हळहळली. आईचं मन, कुणीतरी म्हणालं. मलाही ती युक्ती गोड वाटली. पस्तीस-चाळीस वर्षांच्या वकिलीनंतरही माणूस इतका भाबडा राहू शकतो, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

रात्री हॉटेलात त्यांच्या खोलीत भेटींचा ढीग जमला. आपल्या वाटणीचं खाणं लोकांनी उपेंद्रसाठी काढून दिलं. भडंगाची पाकिटं, लसणाची चटणी, मेतकूट, कुणी सुनेला खण, कुणी नातवाला जरीची टोपी. आरवाडेकाकूंनी बजावलं की परत आल्यावर बसमध्ये माईकवर सगळं सांगायचं. काय केलं होतं जेवायला, घर केवढं आहे, सून मराठी बोलते का. एकही गोष्ट सोडायची नाही.

सकाळी विमानात बाईंनी खिडकीची जागा मला दिली. खाली आल्प्स पसरले होते, पांढरे, एकामागे एक. मी म्हणालो, बघा तरी. त्यांनी मान पुढे करून पाहिलं.

"केवढे आहेत," त्या म्हणाल्या, आणि विमानाने ते ओलांडले.

व्हिएन्नाला उतरलो. बाहेर येणाऱ्यांच्या दालनात माणसं पाट्या आणि फुलं घेऊन उभी होती. मी पिशव्या सावरत टॅक्सीच्या पाटीच्या दिशेने निघालो आणि पाहिलं तर बाई मागे नाहीत. त्या एका बाकावर बसल्या होत्या. बसल्या म्हणजे, एखादं माणूस गाव आल्यावर बसतं तशा, चपला काढून.

"दमलात का?" मी विचारलं. "पत्ता द्या बघू. टॅक्सीवाल्याला दाखवतो."

"पत्ता कुठला आता," त्या म्हणाल्या. "बसा जरा, वकीलसाहेब."

मी बसलो.

"तो इथे नाही."

"बाहेरगावी गेलाय?"

"पुण्यात आहे. बाणेरला."

"म्हणजे सुट्टीला आलाय. मग परत कधी..."

"दोन वर्षं झाली. कायमचा आलाय तो."

समोर एका पोरीने एका म्हाताऱ्याच्या गळ्यात उडी मारली आणि दोघंही रडायला लागले. आम्ही दोघांनी ते पुरतं होईपर्यंत पाहिलं.

"मिरजेत कुणाला माहीत आहे हे?" मी विचारलं.

"कुणालाच नाही. आत्ता तुम्हाला."

मग त्यांनी सांगितलं, आणि सांगताना आवाज जरासुद्धा हलला नाही. उपेंद्र पुण्यात आल्या आल्या त्याने फोन केला होता. कुणाला सांगू नकोस, जरा बस्तान बसू दे, म्हणाला होता. महिन्याभराने ह्या न राहवून सकाळच्या एसटीने गेल्या. स्वारगेटला तो घ्यायला आला होता. स्टँडसमोरच्या हॉटेलात दोघांनी इडली खाल्ली. घरी रंगकाम चाललंय, तुला वासाचा त्रास होईल, म्हणाला. दुपारच्या गाडीत बसवून दिलं.

"खिडकीची जागा मिळवून दिली त्याने," बाई म्हणाल्या. "कंडक्टरशी भांडला त्यासाठी."

"आणि मग?"

"मग काय. अजून रंग चाललाय."

मी म्हणालो की सुनेचं काही... तर त्यांनी हात हलवला. ती वाईट नाही, त्या म्हणाल्या, त्यांच्यात कुणीच वाईट नाही. भांडण झालं असतं तर ते मिटवता तरी आलं असतं.

"पण बाई, मग हे व्हिएन्ना कशासाठी चालू ठेवलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू वकील असून तुम्हाला एवढं कळत नाही?

"व्हिएन्नाहून मुलगा येत नाही म्हटलं की लोक म्हणतात, बिचारा, किती लांब. पुण्याहून मुलगा येत नाही म्हटलं तर काय म्हणतील?" त्यांनी पदर सारखा केला. "म्हणून मी त्याला इथेच ठेवलाय."

कोर्टात असं कधी कधी होतं. समोरचा साक्षीदार साधं एक वाक्य बोलतो आणि आपल्याकडचे सगळे प्रश्न संपतात. खाली बसावं लागतं. मी बसलेलाच होतो.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मला मिरजेत परत जाऊन राहायचंय, वकीलसाहेब. संध्याकाळी ते लोक हातात माईक देतील. मला खोटं बोलता येतं, पण लहान लहान. लांब पडतं, काम असतं, असलं. एवढं मोठं नाही जमणार. तुम्ही माणसं तयार केलीयत कोर्टासाठी. मला करा."

आमच्या धंद्यात ह्याला साक्षीदार पढवणं म्हणतात आणि ते करू नये असा नियम आहे. मी कॉफी आणली, आणि आम्ही कामाला लागलो.

पहिलं मी त्यांना सांगितलं ते असं: विचारलं तेवढंच सांगायचं. स्वतःहून काही द्यायचं नाही. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणायचं, खऱ्या माणसाला सगळं कधीच आठवत नसतं. आणि एक-दोन गोष्टी जरा वाईट सांगायच्या. सगळंच छान झालं असं सांगणाऱ्या साक्षीदारावर न्यायाधीशसुद्धा विश्वास ठेवत नाही.

"वाईट काय सांगू?"

"भात कच्चा राहिला होता."

बाईंनी विचार केला. "नको. आमटीत मीठ कमी होतं म्हणते. भात कच्चा म्हटलं तर तिला स्वैपाक येत नाही असं होईल."

सून त्यांनीच सावरून धरली. घर तिसऱ्या मजल्यावर ठरलं. लिफ्ट आहे, कारण गुडघे. बाल्कनीत तुळस नाही, थंडीने मरते, कढीलिंब मात्र कुंडीत आत ठेवलाय. उपेंद्रने दार उघडलं तेव्हा तो काय म्हणाला, ह्यावर आम्ही बराच वेळ अडलो. मी दोन-तीन वाक्यं सुचवली. बाईंना ती पटेनात.

"तो काहीच बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "लहानपणी शाळेतून बक्षीस घेऊन आला तरी बोलायचा नाही. नुसता दाराशी उभा राहायचा. मग मीच म्हणायचे, आत ये."

"मग तसंच सांगा."

"म्हणजे मीच त्याला त्याच्या घरात आत ये म्हणाले?"

"हो. लोक हसतील. हसले की विश्वास बसतो."

नातू ईशान. त्याला त्यांनी शेवटचं पाहिलं तेव्हा तो तीन वर्षांचा होता, आता सात पुरी. मी विचारलं, कसा दिसतो?  मला वाटलं, बाई आता रडतील आणि सगळी तयारी वाया जाईल. पण त्यांनी समोरच्या गर्दीत बाबागाडी ढकलणाऱ्या, हट्ट करणाऱ्या, फरशीवर लोळण घेतलेल्या पोरांकडे एकेक करून पाहिलं, साडीदुकानात कापड निवडावं तसं.

"पुढचे दोन दात पडलेत," त्या म्हणाल्या. "आणि ते दाखवायची लाज वाटते म्हणून तोंडावर हात धरून हसतो."

हे मी सांगितलं नव्हतं. मी फक्त म्हणालो, उत्तम.

मग पुराव्याची विल्हेवाट. चटणी आणि मेतकूट फेकता येणार होतं, पण मिरजेचं भडंग कचऱ्यात टाकायला दोघांचाही हात उठेना. ते आम्ही खाल्लं. व्हिएन्नाच्या विमानतळावर, एका बाकावर, पाकिटामागून पाकीट, ओठ झोंबेपर्यंत. मध्येच बाईंना हसू आलं. हसता हसता ठसका लागला, मी पाणी दिलं. खण आणि टोपी एका झाडूवाल्या बाईला दिली. तिने टोपी उलटीपालटी करून पाहिली, स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि कुठल्या तरी भाषेत काहीतरी विचारलं. शालिनीबाई मराठीत म्हणाल्या, "मुलाला द्या." ती हो म्हणाली.

परतीच्या विमानात मी त्यांची उलटतपासणी घेतली. दोनदा अडखळल्या, तिसऱ्यांदा एकदाही नाही. चेहऱ्यावर रंग आला होता. आल्प्सकडे पाहून म्हणाल्या, सून म्हणत होती, उन्हाळ्यात राहायलाच या. हे आमच्यात ठरलं नव्हतं. मी तसं म्हणालो. "ठरलं नव्हतं, पण म्हणाली," त्या म्हणाल्या.

बस आम्हाला घ्यायला विमानतळावरच आली होती, तिथून सगळ्यांना घेऊन जेवायला जायचं होतं. दारात आरवाडेकाकूंनी ओवाळलं. निरांजन नव्हतं, हॉटेलातली मेणबत्ती होती. मगदूमसाहेबांनी मला फक्त विमान वेळेवर उतरलं का एवढं विचारलं आणि बाईंकडे पाहून, या, या, म्हणाले. मी कालिंदीशेजारी बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. काहीतरी महागडं घेतलं असेल, असं मला वाटलं.

बाईंच्या हातात माईक आला.

आणि त्यांनी असं काही सांगितलं की मी आयुष्यात तसा साक्षीदार उभा केला नव्हता. सावकाश, मोजकं. लिफ्ट, कढीलिंब, आमटीतलं मीठ. "दार उघडून नुसता उभा राहिला, शेवटी मीच म्हटलं, अरे, आत ये." बस हसली. माझ्या अंदाजापेक्षा जरा जास्तच हसली, पण ते मी माझ्या खात्यावर जमा केलं.

मग प्रश्न सुरू झाले. उपेंद्र जाड झालाय का? थोडा. नातू मराठी बोलतो का? आजी म्हणतो, बाकी जर्मन. मी सीटवर सैल होऊन ऐकत होतो. प्रश्न फार चांगले येत होते. नेमके, एकाला लागून एक. पाचव्या-सहाव्या प्रश्नाला मी सरळ होऊन बसलो. अशा तऱ्हेने प्रश्न कोण विचारतं ते मला माहीत होतं. ज्याच्या फायलीत उत्तर आधीच असतं, तो असे विचारतो. खाली बघत, ओठ दाबून, घाई न करता.

"पुण्याला वगैरे यायचा काही विचार आहे का हो त्याचा?" आरवाडेकाकूंनी विचारलं.

"पुण्याला कशाला?" बाई म्हणाल्या. "आलाच तर आधी मिरजेला येईल."

मागच्या सीटवर हसू दाबताना कुणाच्यातरी घशात आवाज झाला.

मी पुढे वाकून काहीतरी बोलणार, एवढ्यात कालिंदीने माझा हात सीटखाली धरून ठेवला. "गप्प बसा," ती कुजबुजली. "सगळ्यांना माहीत आहे."

मग माईकवर बाईंचं चाललेलं असताना तिने मला कानात सांगितलं. आमचं विमान उडाल्यावर मगदूमसाहेबांना चैन पडेना. आई दारात उभी आणि मुलगा नेमका बाहेर गेलेला, असं झालं तर निधी वाया जायचा. त्यांनी मिरजेला बाईंच्या शेजाऱ्यांना फोन केला. त्यांच्याकडे अडीअडचणीला म्हणून उपेंद्रचा नंबर लिहून ठेवलेला होता. नंबर भारतातला निघाला. साहेबांना वाटलं, चुकलाय, म्हणून लावून पाहिला. सगळे जेवायला बसले होते, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर टाकला होता. पलीकडून उपेंद्र बोलला. बाणेरला मॉलमध्ये होता.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आई युरोपला गेलीय? कधी?"

"आणि?"

"साहेब म्हणाले, त्या तुम्हाला भेटायला व्हिएन्नाला गेल्यात. तर नुसती मागे गाणी वाजत होती. मग म्हणाला, मी जरा नंतर बोलतो."

पुढचं कालिंदीने सांगायच्या आधीच मला समजलं. जेवण झाल्यावर ठराव झाला होता. बाईंना कुणी काही बोलायचं नाही, त्यांचं मन दुखवायचं नाही, एकमताने मंजूर. त्यावर आरवाडेकाकूंनी एक दुरुस्ती सुचवली होती. बोलायचं नाही हे ठीक, पण विचारायला काय हरकत आहे? परत आल्यावर कुणीच काही विचारलं नाही तर बाईंना उलट संशय येईल. दुरुस्तीही मंजूर झाली. मगदूमसाहेब तटस्थ राहिले.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

कालिंदी खिडकीबाहेर बघायला लागली.

पुढे बाई नातवावर आल्या होत्या. त्याचे दात, तोंडावर धरलेला हात. त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात धरून तो कसा हसतो ते दाखवलं, आणि बस इतकी हसली की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. काही बायकांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते कसलं होतं हे मी तेव्हाही विचारलं नाही. बाई त्या हसण्यात उभ्या होत्या, एका हाताने सीटची दांडी धरून, लाजत, एखाद्या मुलीचं पहिलंच गाणं लोकांना आवडावं तशा. मी त्यांना इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं. त्या थांबल्या तर लोक म्हणाले, अजून सांगा, आणि त्यांनी सांगितलं. उन्हाळ्यात राहायला या म्हणालेली सून आता विमानतळापर्यंत सोडायलाही आली.

शेवटी मगदूमसाहेबांनी माईक घेतला. दिवसभर ते कुणाशी फारसं बोलले नव्हते, असं कालिंदी म्हणाली. त्यांनी घसा साफ केला. मला वाटलं, हा माणूस आयुष्यभर चुकीचा आकडा ऐकून गप्प बसलेला नाही, आताही बसणार नाही.

"बाईंनी फार सुंदर सांगितलं," ते म्हणाले. मग थांबले. समोर सगळा संघ त्यांच्याकडे बघत होता. "संघाच्या वर्धापनदिनाला ह्यांनी हाच अनुभव सगळ्या सभासदांसमोर सांगावा, असं मी सुचवतो. जे सहलीला आले नाहीत, त्यांनाही ऐकायला मिळेल."

टाळ्या पुष्कळ वेळ चालल्या. आरवाडेकाकू उभ्या राहून वाजवत होत्या.

शालिनीबाई परत आल्या आणि माझ्या पलीकडच्या सीटवर बसल्या. धाप लागली होती. त्यांनी माझ्या बाजूला कलून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "जमलं ना?"

"जमलं," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटून मान मागे टेकली. मला वाटलं, झोपल्या. बस एका बोगद्यात शिरली आणि बाहेर आली. मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "वकीलसाहेब, वर्धापनदिनाला नातवाचं थोडं वाढवून सांगू का?"

"सांगा," मी म्हणालो.